थंड नळाचं गरम पाणी

हॅनकॉक, मिशिगन
११ जानेवारी १९८३

प्रिय अर्विड,

नाताळच्या दिवशी तू फोन केलास, मी रिसीव्हर कानाला लावून दहा मिनिटं उभी होते. मला फक्त तुझा श्वास ऐकू आला. तेव्हा यापुढे पत्रच लिही. डॉक्टर म्हणतात डावा कान गेलाच, उजवाही वाटेवर आहे.

लिहायला बसले ते हीटरसाठी. तळघरातल्या पाण्याच्या हीटरचं काहीतरी बिनसलंय, आणि ते आपोआप बिनसलेलं नाही असा मला संशय आहे. गेले दोन आठवडे पाणी भलतंच कडकडीत येतंय. परवा भांडी घासताना हात भाजला. मी खाली जाऊन बटण कमी करते, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच.

आता घरात माणसं किती? मी आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरू, कोरीन बोद्री. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दुपारी तीनला येते आणि थेट आंघोळीला शिरते. एक तास. मी घड्याळ लावून पाहिलंय. पाठ दुखते म्हणे. बाईचं वागणं तसं चांगलं आहे, जिन्यावरचा बर्फही न सांगता काढते. पण न सांगता कामं करणाऱ्या माणसाचा मला नेहमीच थोडा विचार पडतो. माझ्या माघारी तीच खाली जाऊन बटण वाढवत असणार, दुसरं कोण?

ऑगस्टमध्ये तू आला होतास तेव्हा त्या हीटरची गळती बंद करून गेलास. तेव्हापासून तिथली फरशी कोरडी आहे. माझा वेइको गेल्यापासून या घरात दुरुस्त होऊन दुरुस्त राहिलेली ती एकच गोष्ट. म्हणून तुलाच विचारते, काय करू?

तुझी,
लेम्पी

·

लेक वर्थ, फ्लोरिडा
१७ जानेवारी

प्रिय लेम्पी,

तुझं पत्र वाचलं आणि बाहेर संत्र्याच्या झाडाखाली बसून उत्तर लिहितोय. जळू नकोस.

हीटरचं एवढं मनावर घेऊ नकोस. शाळेचा बॉयलर मी एकतीस वर्षं सांभाळला, हे तर बादलीएवढं पिंप आहे. तळाशी गाळ बसला असेल. खाली छोटा नळ आहे, त्यातून बादलीभर पाणी काढून टाक, जपून, हातमोजे घालून. बटण अगदी कमीवर आण आणि त्याच्या टोकासमोर खडूने रेघ मार. रेघ हलली तर तुझी बाई पकडली गेली. मला तरी तीच वाटते. तासभर आंघोळ करणाऱ्या माणसाला कढत पाणी हवंच असतं.

एक मात्र ऐक. प्लंबरला बोलावू नकोस. त्याला तळघर दाखवलं की आधी तो मान हलवतो, मग शिट्टी वाजवतो, आणि मग चांगलं दहा वर्षं चालणारं पिंप त्याच्या गाडीत जातं. आपल्या बाबांनी कधी प्लंबर घरात घेतला नाही, मीही नाही.

कानाची काळजी घे. टोपी घाल.

अर्विड

·

हॅनकॉक
२४ जानेवारी

प्रिय अर्विड,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. बादली काढली, तपकिरी पाणी आलं. बटण तळाला आणून खडूने रेघ मारली. शिवाय तळघराच्या दाराला वेइकोचं मोठं कुलूप घातलं, किल्ली माझ्या गळ्यात.

आणि आता ऐक. रेघ हललेली नाही. कुलूप तसंच आहे. पाणी मात्र आधीपेक्षा जास्त तापतंय. काल गरम नळ उघडला तर आधी वाफ थुंकली, मग पाणी. मनगटावर फोड आलाय. आणि थंड नळ सोडला तर त्यातूनही आधी ऊन पाणी येतं. संडासाच्या टाकीचं झाकण हाताला गरम लागतं. जानेवारीत. मी पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला.

आवाज मला येत नाही, पण तळघराच्या जिन्यावर पाय ठेवला की तळव्याला कळतं, खाली काहीतरी गडगडतंय. बटाटे उकळताना झाकण थरथरतं तसं.

कोरीनने दाराखालून चिठ्ठी सरकवली. ‘मिसेस हार्यू, हीटर फार आवाज करतोय, कृपया प्लंबरला बोलवा, वॉल्टर पेनहेल चांगला आहे.’ आता बघ. हीटर माझा, घर माझं, आणि घाई हिला. पेनहेलची गाडी मी शाळेच्या मागच्या दाराशी दोनदा उभी पाहिली आहे. पेनहेल म्हणजे इंग्लंडातून आलेल्या त्याच कॉर्निश घराण्यातला. आपले बाबा खाणीत खाली होते तेव्हा याचा आजा वर मुकादम होता, आणि दिवसाच्या शेवटी कुणाच्या नावावर किती खनिज मांडायचं हे तोच ठरवायचा. बाबा म्हणायचे, पेनहेलने हात मिळवला की नंतर बोटं मोजावीत. कोरीनकडे दुसरी किल्ली आहे का, की तिने पेनहेलला सांगून काही करून घेतलंय, मला कळत नाही. चिठ्ठीला मी उत्तर दिलेलं नाही.

पुढे काय करू ते लवकर कळव.

लेम्पी

·

हॅनकॉक
३१ जानेवारी

प्रिय अर्विड,

तुझं उत्तर यायच्या आत इथे जे घडलं ते सांगते. शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात कणीक तिंबत होते. कोरीन दार न वाजवता आत आली. वाजवलं असेलही, मला काय कळणार. तोंड पांढरंफटक. माझा कोट तिने माझ्या अंगावर टाकला, दंडाला धरलं आणि मला बाहेर काढलं. कणीक हाताला तशीच. समोरच्या लाहतींच्या घरात मला खुर्चीत बसवलं, माझ्या गळ्याकडे बोट करून किल्ली मागितली. मी दिली नाही. का देऊ?

तशी ती माघारी गेली. मी खिडकीतून पाहत होते. लाकडाच्या खोपटातून तिने कुऱ्हाड घेतली आणि घरात शिरली. चांगली पाच मिनिटं आत होती. मग बाहेर येऊन बर्फात मटकन बसली.

तासाभराने पेनहेल आला. तिनेच बोलावलेला. मला संध्याकाळपर्यंत घरात जाऊ दिलं नाही. परत आले तर वेइकोचं कुलूप कोयंड्यासकट तुटलेलं, हीटर थंडगार, आणि पेनहेल माझ्याच टेबलाशी बसलेला. तो कागदावर लिहून बोलतो, अक्षर सुरेख आहे. त्याने लिहिलं, ‘बाई, हे पिंप फुटलं असतं तर वरचा मजलाही राहिला नसता.’ मग खिशातून एक लोखंडी बूच काढून कागदावर ठेवलं आणि लिहिलं, ‘सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला हे कुणी बसवलं?’

मी म्हटलं, त्या हीटरला माझ्या भावाशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, आणि माझा भाऊ एकतीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. त्याने लिहिलं, ‘बरं.’ एवढंच. त्या ‘बरं’चा मला फार राग आला.

कोरीनला विचारलं, तुला कसं कळलं की धोका आहे? तिने लिहिलं, आवाजावरून. अर्विड, तीन आठवडे आवाज येतोय, आणि तो नेमका शनिवारी सकाळी तिला कळला? मला पटलेलं नाही. मला वाटतं ते बूच पेनहेलने खिशातूनच आणलं होतं. आज नवा हीटर बसला, तो दोघांनी मिळून माझ्या गळ्यात मारला.

बूच मी ठेवून घेतलं. या पत्रासोबत डबीत पाठवते आहे. स्क्रू हातात घेतला की तो कुठल्या दुकानातला ते तू सांगायचास. नीट बघ, आणि हे नवं आहे का, त्याच्या गाडीतलं आहे का, ते मला लिही.

लेम्पी

·

लेक वर्थ
७ फेब्रुवारी

प्रिय लेम्पी,

पत्र आणि डबी मिळाली. तू सुखरूप आहेस, बाकी सगळं मागे.

हीटर बदलला ते बरं झालं. जुनाच झाला होता. व्हॉल्व्ह नवा बसवलाय ना, त्याच्या नळीखाली काही ठेवू नकोस, आणि कधी ठिबकलं तर त्याच दिवशी पेनहेलला बोलव.

बुचाबद्दल काही सांगता येत नाही. अशी बुचं सगळीकडे असतात. इतकी वर्षं झाली, कुणाकुणाचे हात लागले असतील. आता ते उकरून काय मिळणार? त्या बाईशी भांडू नकोस. तिने बिचारीने चांगल्या मनाने केलं असेल. इथे उकाडा आहे. माझी तब्येत ठीक.

अर्विड

·

हॅनकॉक
१४ फेब्रुवारी

प्रिय अर्विड,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एवढं छोटं पत्र तू लष्करातूनही लिहिलं नव्हतंस. आणि ‘सांगता येत नाही’ हे तुझ्या तोंडून मी जन्मात ऐकलेलं नाही. मी समजले. बूच पेनहेलचंच आहे, पण कागदावर लिहून द्यायला तू घाबरतोस, उद्या कोर्टकचेरी झाली तर. ठीक आहे, तू लिहू नकोस.

कोरीनला मी महिनाअखेर खोली सोडायला सांगितलंय. तिने वाद घातला नाही. निरपराध माणूस वाद घालतो. काल चर्चनंतर कॉफी घेताना मी पेनहेलची गोष्ट सगळ्यांना सांगितली. हिल्माकडे त्याचं काम ठरलं होतं, तिने तिथल्या तिथे मोडलं. मॅकिनेन मंडळीही म्हणाली, बघू. निदान दुसऱ्या कुणाला तरी फसवणार नाही.

लेम्पी

·

हॅनकॉक
१६ फेब्रुवारी

श्री. कोस्केला यांस,

तुमचा पत्ता मिसेस हार्यूंच्या पाकिटावरून उतरवून घेतला, त्याबद्दल माफ करा.

त्या शनिवारी तुम्ही फोनवर मला म्हणालात, ताबडतोब दोघी बाहेर पडा आणि प्लंबरला बोलवा, त्या व्हॉल्व्हला मी स्वतः बूच मारलंय. आणि नंतर म्हणालात, हे माझ्या बहिणीला सांगू नका, मीच तिला लिहीन. मी शब्द दिला. अजून पाळला आहे.

तुम्ही आत जाऊ नका म्हणाला होता. पेनहेल एका तासाने येणार होता आणि रस्त्यावर लाहतींची नातवंडं घसरगाडी खेळत होती. हाका मारूनही मुलं घरात जाईनात. म्हणून मी खाली गेले आणि गॅसचा खटका बंद केला. तो कुठे असतो ते मला शाळेच्या स्वयंपाकघरामुळे माहीत आहे. हे शौर्य म्हणून लिहीत नाही. भिंतीला धरून उतरले.

मला २८ तारखेला खोली सोडायची आहे. मला दुसरी जागा मिळेल. पण आज सकाळी पेनहेल शाळेची मोरी उघडायला आला होता, आणि गावात त्याच्याबद्दल काय बोलतात हे त्याने मला विचारलं. मी तुमचं नाव घेतलं नाही. चाळीस वर्षांत त्याच्या बापाच्या आणि त्याच्या कामावर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं, असं तो म्हणाला, आणि मोरीत हात घालून बसला.

तुम्ही लिहिणार होता. लिहिलंत का, एवढंच मला विचारायचं आहे.

कोरीन बोद्री

·

लेक वर्थ
२१ फेब्रुवारी

लेम्पी,

हे पत्र बसून वाच, आणि पूर्ण वाच.

बूच माझं आहे. डबी उघडायच्या आधीच मला माहीत होतं. पेनहेलच्या गाडीतलं नाही, वेइकोच्या कामाच्या बाकावरच्या कॉफीच्या डब्यातलं आहे. मी ते ऑगस्टमध्ये लावलं.

एल्लीआत्याच्या अंत्यविधीला सगळे जमले होते ते आठवतंय ना. तू म्हणालीस, खाली पाणी ठिबकतंय, प्लंबरला बोलवायला हवं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, माझ्या बहिणीच्या घरी प्लंबर कशाला, कॉफी गार व्हायच्या आत वर येतो. खाली जाऊन पाहिलं तर सेफ्टी व्हॉल्व्हच गळत होता. आत दाब किंवा उष्णता हाताबाहेर गेली की पाणी बाहेर सोडायचं, एवढ्यासाठीच तो असतो. तो गळतोय म्हणजे एकतर तो झिजलाय, नाहीतर हीटर आतून बिघडतोय. दोन्हीत माणूस बोलवायचा असतो. मी नळी काढून त्याचं तोंडच बंद केलं. दुसऱ्या दिवशी नवा व्हॉल्व्ह आणून बसवीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंद. सोमवारी मी निघालो.

विसरलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. विमानात आठवलं होतं. घरी गेल्यावर लिहीन म्हटलं. मग म्हटलं, लिहिलं तर ती विचारणार, तेव्हाच का नाही सांगितलंस. आठवडे गेले, आणि मग मी स्वतःला सांगायला लागलो की एवढ्याने काही होत नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही मी हेच सांगितलं, आणि संशय त्या बाईवर ढकलला, कारण तू आधीच ढकलला होतास, मला फक्त हात लावायचा होता.

तुझं दुसरं पत्र वाचलं. बटण तळाला, तरी पाणी तापतंय, थंड नळातून ऊन येतंय. म्हणजे गॅस थांबवणारा भाग कामातून गेला होता, आणि वाट मी बंद केली होती. तुला फोन करून उपयोग नव्हता. टेलिफोनच्या चौकशीवाल्यांकडून वरच्या मजल्याचा नंबर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी म्हटलं, प्लंबरला बोलवा. आणि पुढच्याच वाक्यात त्या बाईला गप्प राहायला सांगितलं.

ती गप्प राहिली. तुझ्या शिव्या खाल्ल्या, खोली गेली, तरी गप्प राहिली. मी तिला आत जाऊ नका म्हटलं होतं. रस्त्यावर मुलं होती म्हणून ती खाली गेली, हे मला परवा तिच्या पत्रातून कळलं. ते पत्र सोबत जोडलंय.

गळका नळ, वॉशर, तळाचा गाळ, ही कामं माणसाने घरी करावीत. जिथे गॅस आहे आणि कोंडलेला दाब आहे तिथे ज्याचं काम त्याला बोलवावं. हे मला एकतीस वर्षं माहीत होतं. शाळेत असं बूच कुणी लावलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी हाकललं असतं.

पेनहेलला मी वेगळं लिहिलंय. चर्चमध्ये वाचून दाखवायचं असेल तर हे पत्र वाच, एक ओळही गाळू नकोस. मला माफ करशील का ते कळव.

अर्विड

·

हॅनकॉक
८ मार्च

अर्विड,

तुझं पत्र २६ला आलं. दहा दिवस मी पेन हातात घेतलं नाही, आज घेतेय.

त्या दिवशी पत्र वाचून मी वर गेले. या घराचा तो जिना मी तीन वर्षांत चढले नव्हते. कोरीनची खोकी बांधून दाराशी ठेवलेली होती. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने वाचून घडी घातली आणि परत दिलं. मी म्हटलं, मला सांगायचं तरी. तिने लिहिलं, ‘सांगितलं असतं तर तुमचा माझ्यावर विश्वास बसला असता का?’ मी खोटं बोलले नाही. नाही म्हटलं.

मी तिला राहा म्हणाले. तिने त्याच कागदावर लिहिलं की दुसऱ्या जागेचा शब्द दिलाय, आणि दिलेला शब्द ती मोडत नाही. ते तर तुला आणि मला दोघांनाही आता चांगलंच माहीत आहे. ती क्विन्सी स्ट्रीटवर गेली, एका विधवेकडे. खोकी मी लाहतींच्या मुलाकडून पोचवली आणि सोबत वेलदोड्याचा गोड निसू ब्रेड दिला. डबा धुऊन परत आला, आत काही चिठ्ठी नव्हती. वर आता कुणी नाही. तीन वाजले की मी छताकडे बघते. पाणी वाहिलं की पाइपला हात लावून मला कळायचं.

रविवारी कॉफीच्या वेळी मी उभी राहिले. तुझं पत्र वाचलं नाही. तुझं पाप तुझं आहे, मी माझं सांगितलं. म्हटलं, पेनहेलने माझं घर वाचवलं आणि मी त्याला चोर म्हटलं, पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त त्याच्या आजाचं नाव होतं. हिल्माने बशीकडे पाहिलं. आवाज किती मोठा लागला ते मला कळलं नाही, पण पाद्रीबाबा दार लावायला उठले.

मग काल मी चालत पेनहेलच्या दुकानात गेले. बर्फ घोट्यापर्यंत होता. तो पाइपला आटे पाडत होता. माझे गारठलेले हात पाहून त्याने आधी खुर्ची शेगडीजवळ ओढली. मी माफी मागितली. तो बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिला. हिल्मा अजून त्याच्याकडे परत गेलेली नाही, मॅकिनेनही नाहीत. सुटलेला शब्द गोळा करता येत नाही, मी एका कॉफीत सांगितलेलं तो किती वर्षं पुसत बसणार, कुणाला ठाऊक. शेवटी त्याने पाटीवर लिहिलं, ‘गुरुवारी येऊन नवा व्हॉल्व्ह तपासून जातो.’ माफ केलं असं लिहिलं नाही. नाही केलं असंही नाही.

तू विचारलंस मी माफ करेन का. मलाही त्याच्याकडून तेवढंच मिळालं, तेव्हा तुलाही आज तेवढंच देते. ऑगस्टमध्ये ये. वरची खोली झाडून ठेवते.

लेम्पी